साखरेचा डबा आणि माझं मौन

रोज सकाळी सात ते आठ माझं मौन असतं. नऊ वर्षांत एकदाही मोडलेलं नव्हतं. आणि ते मोडायला टपलेल्या आमच्या ह्यांना मी चार दिवसांत सरळ करणार होते. न ओरडता, शास्त्रशुद्ध!

त्याचं असं झालं, मी बालवाडीत शिकवते. तिथे वागणूक बदलण्याचं प्रशिक्षण झालं. मॅडम म्हणाल्या, "माणूस एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करतो, कारण त्यातून त्याला काहीतरी मिळतं. ते मिळणं बंद करा, वागणंही थांबेल."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! ह्यांच्या वस्तू नेमक्या माझ्या मौनातच हरवतात. हे "साखर कुठाय?" म्हणणार की मी जपाच्या माळेसकट हात वर करून फळी दाखवणार. म्हणजे बक्षीस मीच देत होते! ठरलं. आता खूणसुद्धा नाही.

सोमवारी सव्वासातला सुरुवात झाली.

"अगं, साखर कुठाय?"

मी डोळे मिटून गप्प.

"अगं ए! ऐकू येतंय ना?"

मॅडमनी बजावलं होतं, आधी वागणं थोडं वाढतं, मग विझतं. थोडं! ह्यांनी माझ्या कानाशी पातेलं वाजवलं!

"आई, ही हातसुद्धा हलवत नाहीये!"

सासूबाई धावल्या. "अगंबाई! काल तर खुणा करत होती. वरच्या डॉक्टरांना बोलाव आधी!"

डॉक्टर अर्ध्या गालावर दाढीचा फेस घेऊन आले. डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली. आठला फक्त वीस मिनिटं उरली होती हो!

"हॉस्पिटलात हलवू या," डॉक्टर म्हणाले. ह्यांनी मला उचलायला काखेत हात घातले, आणि...

"साखर डावीकडच्या डब्यात आहे! लग्न झाल्यापासून तिथेच आहे!"

"हां, आहे की," हे डबा उघडून म्हणाले. "डॉक्टर, चहा घेणार?"

नऊ वर्षं पाण्यात! संध्याकाळी मी रडवेली होऊन मॅडमना फोन लावला.

"उत्तर नेमकं कधी दिलंत?"

"डॉक्टर आल्यावर."

"मग ताई, मिस्टर आता काय शिकले असतील?"

ते मंगळवारी कळलं. मी पुन्हा पहिल्या दिवसापासून मौन धरलं होतं. साडेसात झाले तरी ह्यांनी मला एक हाक मारली नाही. मला अगदी भरून आलं! तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून ह्यांचा फोनवरचा आवाज आला,

"डॉक्टर, जरा खाली येता का? नेलकटर सापडत नाहीये."