अपूर्णराव आणि भाडेयोग्यतेचा दाखला

बाईंनी शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या पैशातून स्वतःच्या नावावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तेव्हा घरात शांतता होती. तो भाड्याने द्यायचं ठरलं, तेव्हाही शांतताच होती. मग बाई सहज म्हणाल्या, "दाखल्यांचं काम एजंटला देऊन टाकू," आणि त्यांचे यजमान पेपर बाजूला फेकून ताठ बसले.

"एजंट? मी जिवंत असताना?"

यजमानांना कचेरीत सगळे अपूर्णराव म्हणत. चौतीस वर्षं ते अर्ज तपासायच्या टेबलावर होते आणि रोज निदान एका अर्जावर 'अपूर्ण' असा शेरा मारून तो परत धाडल्याशिवाय त्यांना डबा गोड लागत नसे. (एकदा त्यांनी स्वतःचाच रजेचा अर्ज परत धाडला होता. रजा बुडाली, पण तत्त्व राहिलं.)

भाडेकरूही ठरली होती. इस्पितळातली सिस्टर, बाईंची जुनी विद्यार्थिनी. एक तारखेला तिला वसतिगृहातली खोली सोडायची होती. इस्पितळ घरभत्ता देत होतं, पण भाडेयोग्यतेचा दाखला असलेल्या घरालाच. वायरिंग, गॅस, पाणी सगळं तपासून नगरपालिकेची कचेरी तो दाखला देई. तो वेळेत आला नाही, तर सिस्टर दुसरं घर बघणार होती. बाईंनी तर तिला शब्द देऊन ठेवला होता.

"एक तारखेच्या आत दाखला तुझ्या हातात ठेवतो," अपूर्णराव म्हणाले. "नाही ठेवला तर आयुष्यात पुन्हा कागदाला हात लावणार नाही."

"तेवढं झालं तरी फ्लॅटचे पैसे वसूल," बाई म्हणाल्या.

अपूर्णरावांनी कंबर कसली. वायरमनने तारा तपासून कागद दिला, तो त्यांनी सहीखाली तारीख नाही म्हणून परत केला. वायरमन तारीख घालून आला, तर शिक्का वाकडा होता. तिसऱ्या खेपेला बिचाऱ्याने घरूनच फुटपट्टी आणली. प्लंबर जरा तोंडाळ होता.

"काका, नळ गळत नाहीये. दिसतंय ना?"

"दिसतंय. पण कागदावर दिसत नाही. लिही."

मग अर्ज. नऊ पानांचा. अपूर्णराव सकाळी अंघोळ करून बसले ते एका बैठकीत, एकही अक्षर न खोडता उठले. पहिल्या पानावर अर्जदाराचा पत्ता विचारला होता. तिथे त्यांनी राहत्या घराचा पत्ता लिहिला. तिसऱ्या पानावर 'तपासणीच्या जागेचा पत्ता' असा रकाना आला. आता, एकदा लिहिलेला पत्ता दुसऱ्यांदा लिहिणं म्हणजे शाईची नासाडी, हे चौतीस वर्षं हाताला लागलेलं वळण. डोक्याला विचारायला हात थांबलाच नाही. रकान्यात झोकात 'वरीलप्रमाणे' लिहून त्यांनी खाली पट्टीने रेघसुद्धा ओढली.

तपासणीच्या दिवशी बाई म्हणाल्या, "मी येऊ का फ्लॅटवर?"

"मुळीच नको. बायका मध्येच बोलतात."

सकाळी आठपासून अपूर्णराव इस्त्रीचा शर्ट घालून रिकाम्या फ्लॅटमध्ये स्टुलावर बसले. मांडीवर चार फायली. दहा वाजले. बारा वाजले. आपण उठलो आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली तर, म्हणून ते पाणी प्यायलाही उठले नाहीत. पाच वाजता तपासनिसाविरुद्ध दोन पानी तक्रार खरडून, पाय चोळत ते घरी आले.

"आलात?" बाई म्हणाल्या. "तपासनीस साहेब दुपारीच येऊन गेले."

"कुठे?"

"इथे. बटणं दाबून बघितली, नळ सोडून बघितले, गॅसचा पाईप हुंगला. फार सज्जन माणूस. चहा घेतला."

"अगं, पण इथे कशाला?"

"मला वाटलं, मालकीण कशी राहते तेही बघत असतील. तुम्हीच म्हणालात, बायका मध्येच बोलतात. म्हणून मी काही विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी अपूर्णराव तक्रार घेऊन कचेरीच्या खिडकीशी उभे राहिले. आतल्या मुलीने शांतपणे तिसरं पान उघडलं.

"काका, इथे 'वरीलप्रमाणे' लिहिलंय. आणि वर तुमच्या राहत्या घराचा पत्ता आहे."

अपूर्णरावांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. अक्षर त्यांचंच होतं आणि नेहमीसारखंच सुरेख होतं.

"किरकोळ चूक आहे," ते पुटपुटले. "जरा खोडून..."

"खाडाखोड चालत नाही. नवीन अर्ज करा. तपासणीला सत्तर दिवस लागतील." मग तिने गोड हसून एक कागद पुढे केला. "तोवर हा घ्या. तुमचं घर पास झालंय. पहिल्या फेरीत फार कमी घरं पास होतात, अभिनंदन!"

नियमाने मुलीचं बरोबरच होतं. अपूर्णराव कचेरीच्या पायरीवर मटकन बसले. आपण परत धाडलेली माणसं अशीच पायरीवर बसत असतील, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सुचलं आणि फार वाईट वाटलं. एक तारखेला पाच दिवस उरले होते.

घरी येऊन त्यांनी दाखला बाईंच्या हातात ठेवला. "शब्द दिला होता, आणलाय. फक्त घर चुकलं."

बाईंनी तो दोनदा वाचला. हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. पदर खोचून उभ्या राहिल्या.

"दाखला या घराचा आहे ना? मग भाड्याने हेच जाईल. सिस्टर इथे राहील, आपण तिकडे."

"आपल्या घरात? मी इथून हलणार नाही!"

"नका हलू. तुम्ही चालाल का, विचारते तिला."

एक तारखेला टेम्पो आला. सिस्टरला दोन खोल्यांच्या भाड्यात तीन खोल्या आणि गॅलरी मिळाली. तिने बाईंना मिठी मारली, अपूर्णरावांना वाकून नमस्कार केला आणि गॅलरीत वाळत घातलेले त्यांचे कपडे नम्रपणे काढून हातात दिले.

आठवड्याने पेन्शनच्या ऑफिसातून पत्र आलं. पत्ता बदललाय, तर घरमालकाचं संमतिपत्र जोडा. अपूर्णरावांनी छापील फॉर्म आणून बाईंपुढे ठेवला. बाईंनी चष्मा लावला आणि एकेक रकाना सावकाश वाचून भरायला घेतला. राहणाऱ्याशी नातं: पती. भाडं: नाही. शेवटचा रकाना होता, 'किती काळ राहू देणार?' तिथे पेन थांबलं.

"त्यात विचार कसला करतेस?" अपूर्णराव म्हणाले. "लिही की, कायम."

बाईंनी त्यांच्याकडे एकवार वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'तूर्त सहा महिने. पुढचं वागणूक पाहून.'