दोघंही हरायला तयार

कुस्तीत जो हरणार असेल, त्यालाच तेवढं आधी सांगायचं, असा त्या ठरवून लढवलेल्या कुस्त्यांच्या कंपनीचा नियम होता. दुसऱ्याला सांगायची गरजच नाही, तो आपोआप जिंकतो. शिवाय खेळाच्या दिवशी दोन्ही पैलवानांनी एकमेकांचं तोंडही बघायचं नाही, म्हणजे रिंगमध्ये वैर कसं ताजंतवानं दिसतं. हा नियम मालकाने स्वतः काढला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. आजवर तो कधी फसला नव्हता. फसला तो नेमका शेवटच्या खेळाला.

शेवटचा म्हणायचं कारण मालकाचा मेहुणा, बायकोचा भाऊ. त्याचं फर्निचरचं दुकान होतं आणि कंपनीची रिंग इतके दिवस त्याच्याच गोदामात पडून असायची. आता त्याला जागा हवी होती, आणि रिंगच्या फळ्याही. आज अर्धा हॉल भरला नाही, तर खेळ संपल्यावर फळ्या उचकटून न्यायच्या, असं बहिणीच्या देखत ठरलं होतं. त्याचा टेम्पो मागच्या दाराशी लागलेला होता आणि तो स्वतः पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता.

"दाजी, मोठमोठी माणसं लुटुपुटूची मारामारी करतात आणि तुम्ही त्याला धंदा म्हणता," तो म्हणाला. "लाकूड मात्र खरं आहे हो तुमचं. अशा जाड फळ्या आता मिळत नाहीत."

मालकाने हॉलवर नजर टाकली. खुर्च्या भरपूर होत्या, माणसं पहिल्या तीन-चार रांगांतच संपत होती. डोक्यावर केस होते तेव्हापासून तो ही कंपनी चालवत होता, आणि त्या फळ्यांवर आपटलेल्या माणसांवर त्याचा सख्ख्या भावांइतका जीव होता.

आजची मुख्य कुस्ती दुष्ट 'कर्दनकाळ' आणि सज्जन 'तुफान' यांची. कर्दनकाळ एरवी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" असं मऊ आवाजात विचारायचा. तुफान शाळेची बस चालवायचा. सकाळी मालकाने कर्दनकाळाला बाजूला घेऊन सांगितलं, "आज तू हर. शेवटी सज्जनाचा विजय झालेला बरा."

दुपारी पोशाखाची बटणं लावता लावता बायको म्हणाली, "सज्जन जिंकला की लोक समाधानाने घरी जातात आणि झोपतात. हरला तर चिडतात. चिडलेली माणसं परत येतात, आणि आपल्याला तीच हवी आहेत."

मालकाला हे शंभर टक्के पटलं. तसंच उठून त्याने तुफानला गाठलं आणि सांगितलं, "आज तू हर." तेवढ्यात रिंगचा एक दोर सुटला. त्या धावपळीत कर्दनकाळाला सकाळचा निरोप रद्द झाल्याचं सांगायचं राहून गेलं.

हरणं ही या दोघांच्या दृष्टीने मोठी कला होती. जिंकणारा नुसता उभा राहतो, पडणाऱ्याला पडावं लागतं. त्यात आजचा शेवटचा खेळ, तेव्हा दोघंही जीव ओतून हरायचं असं ठरवूनच आले होते. घंटा वाजली. तुफानने कर्दनकाळाच्या छातीवर हात ठेवला मात्र, तो भिंत कोसळावी तसा कोसळला. पण तो पडत असताना त्याचा अंगठा तुफानच्या गुडघ्याला लागला, आणि तुफानही "आई गं!" म्हणून आडवा झाला.

पंच म्हणजे मालकाचे मामा. पोस्टातून निवृत्त झालेले, अत्यंत सरळ गृहस्थ. ते एकाकडून दुसऱ्याकडे बघू लागले.

"ऊठ आणि बस माझ्या छातीवर," तुफान ओठ न हलवता म्हणाला.

"तू बस. मला हरायला सांगितलंय," कर्दनकाळ म्हणाला.

"मला सांगितलंय!"

"मला खुद्द मालकांनी सांगितलंय."

"मग मला काय शेजाऱ्यांनी सांगितलंय?"

रिंगच्या कडेला माइक धरून उभ्या असलेल्या मालकाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. माइकवरून तर काही बोलता येत नव्हतं. तो वाकून धावत कर्दनकाळाच्या कोपऱ्यात गेला आणि कुजबुजला, "तू जिंक!" नेमकी त्याच वेळी, घोटाळा लक्षात आलेली त्याची बायको तिकिटांची पेटी टाकून दुसऱ्या कोपऱ्यात पोचली होती. "भाऊजी, तुम्ही जिंका," तिने तुफानला सांगितलं.

दोघंही उसळून उठले. आता हा त्याला पाडतोय आणि तो याला पाडतोय. मामांनी तीन वेळा मोजायला सुरुवात केली आणि तिन्ही वेळा खालचा वर आणि वरचा खाली गेला. शेवटी मामा घामाघूम होऊन ओरडले, "अरे, कुणीतरी हरा रे! माझं वय झालंय!"

पंचाचा शब्द मोडायचा नाही, हा कंपनीचा दुसरा नियम. दोघंही तत्काळ शिस्तीत शेजारी शेजारी आडवे झाले.

हॉलमध्ये हसण्याचा एकच स्फोट झाला. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. डाव्या बाजूचे "पडून राहा, कर्दनकाळ!" म्हणून ओरडू लागले, उजवीकडचे तुफानला "हलू नकोस!" म्हणून धीर देऊ लागले. कुणी घरी फोन करून "लवकर या, विचारू नका, या!" म्हणत होतं. हा गलका ऐकून रस्त्यावरची माणसं आत आली, समोरच्या सलूनमधलं एक गिऱ्हाईक तर अर्ध्या दाढीनिशी आलं. मालकाने पाहिलं, मागच्या रांगा भरत होत्या. त्याला हसावं की रडावं कळेना.

हसत नव्हता तो फक्त मेहुणा. त्याच्या टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला होता. शेवटी त्याचा संयम सुटला. धोतरासारखा दोर वर उचलून तो रिंगमध्ये शिरला.

"उठा! काय पोरखेळ लावलाय? मला फळ्या न्यायच्यात!" असं म्हणून त्याने एका हाताने कर्दनकाळाला आणि दुसऱ्या हाताने तुफानला दंडाला धरून उभं केलं.

दोन्ही पैलवानांनी एकमेकांकडे पाहिलं. इतका वेळ ज्याची वाट पाहत होते तो माणूस अखेर आला होता. तिसरा! मेहुण्याने नुसता हिसका दिला आणि दोघंही हवेत गिरकी घेऊन असे आदळले की रिंगची फळी न् फळी दणाणली. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत सुंदर हरणं होतं. ओढीने मेहुणाही तोल जाऊन दोघांच्या अंगावर पडला. मामांनी संधी सोडली नाही. "एक, दोन, तीन!"

"आणि नवा विजेता!" मालक माइकमध्ये गर्जला. "एका दमात दोघांना लोळवणारा... 'लाकूडतोड्या'!"

छप्पर उडेल की काय असा आवाज झाला. बायकोने पळत जाऊन विजेत्याचा चकचकीत पट्टा भावाच्या कमरेला बांधला. तो बिचारा तोंड उघडं टाकून उभा होता. मग हळूहळू त्याने एक हात वर केला. लोक किंचाळले. मग त्याने दुसराही केला.

टेम्पो मोकळाच परत गेला. पुढच्या महिन्याच्या खेळाबद्दल लोक दारातच विचारू लागले होते, आणि हॉलच्या व्यवस्थापकाने मालकाला स्वतःहून खुर्ची दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक रिंग परत ठेवायला गोदामात गेला, तर मेहुण्याने कपाटं हलवून जागा आधीच रिकामी करून ठेवली होती. तो बनियनवर उभा राहून हातात लाकडाचे दोन ओंडके घेऊन वर-खाली करत होता.

"ये बाबा," मालक म्हणाला. "पुढच्या खेळाचं ठरवू. आमच्यात एक पद्धत आहे. जो हरणार असेल त्याला आम्ही आधी..."

"ते त्यांना सांगा, दाजी," मेहुण्याने त्याला मध्येच तोडलं. त्याने आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्यांची कुस्ती ठरवून असते, हे माहितेय मला. पण काल मी दोघांना खरोखर पाडलं, हो की नाही? ताकद लागते हो त्याला. तुमच्या लक्षात आलंच असेल."

मालकाने ओठ घट्ट मिटले, मान गंभीरपणे हलवली, आणि हसू आवरेपर्यंत बराच वेळ फळ्या मोजत बसला.