राखाडी काळ्याचं प्रकरण

मी सम्राट चौगले, कोल्हापुरातला एकमेव खाजगी गुप्तहेर. माझी नजर इतकी तीक्ष्ण आहे की घरात मी ती सहसा वापरत नाही, वस्तू झिजतात. खिशात सदैव भिंग असतं. हाती लागलेला एकही गुन्हेगार मी आजवर सोडलेला नाही. अजून कुणी हाती लागलेला नाही, ही निव्वळ तांत्रिक बाब आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोटोग्राफर ऋतुराजनं मला घरी बोलावलं. त्यानं दसऱ्याच्या मुहूर्तावर मेहुण्याच्या, म्हणजे राजवीरच्या दुकानातून नवा मॉनिटर आणला होता. संध्याकाळी दसरा चौकात काढलेले फोटो त्यावर लावले, तर सगळे फिकट.

"हे काळं हाय व्हय?" तो ओरडला. "राख हाय, राख! जुना माल नव्या खोक्यात घालून दिलाय मेहुण्यानं!"

हे ऐकून त्याची बायको अनुजा बॅग भरूनच बाहेर आली. "माझ्या भावाला चोर ठरवलासा न्हवं? मग मी चालले माहेरला, शिरोळला."

म्हणजे मॉनिटरचं राहू द्या, इथं संसारच पणाला लागला होता. "थांबा वहिनी," मी म्हणालो. "मला एक भागाकार करू द्या."

पद्धत सोपी. पडदा अर्धा पांढरा, अर्धा काळा करायचा, ऋतुराजच्याच कॅमेऱ्यानं फोटो काढायचा आणि पांढऱ्याच्या उजेडाला काळ्याच्या उजेडानं भागायचं. खोक्यावर लिहिलं होतं, पांढरं काळ्याच्या हजार पट उजळ. आमचं उत्तर आलं तीस.

मी काळ्या भागावर नजर रोखली. "ऋतुराज, आत माणूस लपलाय! पांढरा शर्ट, अंगानं जाड, चेहऱ्यावरून जरा मंद."

"त्ये तुम्हीच हायसा. खिडकी उघडी हाय की."

खिडकी लावली. ऋतुराजच्या वडिलांचं काळं घोंगडं मी अंगावर घेतलं. पुन्हा फोटो, पुन्हा भागाकार. चाळीस! घोंगड्यानं दहाचा फायदा करून दिला, पण याचं कौतुक कुणालाच नव्हतं. कारखान्यात त्या दिवशी काळा रंग संपला असावा, हा माझा तर्कही वाया गेला.

इतक्यात राजवीर आपट्याची पानं घेऊन आला. "दाजी, सोनं घ्या."

ऋतुराजनं हात मागं घेतला. मी भिंगातून राजवीरकडे पाहिलं. चेहरा लालभडक! "अपराधाची लाली!" मी गरजलो. मग अनुजाकडे पाहिलं, तीही लाल. ऋतुराज लाल. भिंतीवरचं घड्याळसुद्धा लाल. कट फारच मोठा होता.

"सील तुमच्यासमोर फोडलं की, दाजी," राजवीर म्हणाला. अनुजानं बॅग उचलली.

तेवढ्यात ऋतुराजची आई, आक्का, चहा घेऊन आल्या. "त्यो कॅमेरा नीट धरा रं. खंडेनवमीला पुजलाय मी."

ऋतुराज दचकला. "कुठं पुजलास?"

"डोळ्यावरच की! कुंकवाचं बोट लावलं. मग लाल दिसंल म्हणून पुसून काढलं, तेलाच्या हातानं."

ऋतुराजनं लेन्स उजेडात धरली. काचेवर तेलाचा अख्खा पट्टा होता. पांढऱ्याचा उजेड त्या तेलात फाकून काळ्यावर पसरत होता, आणि चौकातले फोटोही त्यानंच फिके केले होते. थोडक्यात, मी ज्याला साक्षीदार नेमलं होतं, तोच गुन्हेगार निघाला. काच पुसून पुन्हा भागाकार केला. सातशेच्या वर! उरलेलं घोंगड्याच्या भोकांतून गळत असावं.

ऋतुराजनं खाली मान घालून हात पुढे केला. "दे गा सोनं. चुकलं माझं."

अनुजानं बॅग त्याच्याच हातात दिली. "आता हे आत ठेवून या."

मी मात्र हटलो नाही. "थांबा! चेहरे लाल का होते, याचा उलगडा बाकी आहे."

आक्कांनी माझ्या हातातलं भिंग घेतलं आणि पदरानं पुसलं. पदराला कुंकू लागलं.

"तुझी आई बी माझ्यावानीच पूजा करती, दिसतंय," त्या म्हणाल्या.

मी भिंगातून पाहिलं. सगळ्यांचे चेहरे आता नेहमीच्या रंगाचे होते आणि सगळे मलाच हसत होते. लाल झालो होतो फक्त मी. मॉनिटरच्या काळ्या भागात ते अगदी स्वच्छ दिसत होतं.