खापरू कासव उताणा पडला त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, टेनिस आलं. कुठून आलं ते विचारू नका. आलं आणि तणासारखं पसरलं.

आधी तिथं कुस्ती होती. आखाड्याच्या तांबड्या मातीवरच चुना ओढला, मधे वेलींची जाळी बांधली, झालं कोर्ट. पण जंगलाचा जीव खेळात नव्हता. जिंकणारा जिंकल्यावर काय करतो, त्यात होता. एका वर्षी माकड प्रेक्षकांच्या डोक्यांवरून उड्या मारत आईच्या गळ्यात जाऊन पडलं. रानडुकरानं चषकाचा चावा घेतला. एका बकरीनं कोर्टाच्या कडेचं गवत चार घास खाल्लं, तेव्हा वाघाच्याही डोळ्यांत पाणी आलं. बकरी रोजच गवत खाते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग रीतच ठरली. जिंकलं की रॅकेट भिरकवायची, धाडकन पाठीवर पडायचं आणि तोंड झाकून रडायचं. जो पडला नाही, तो माजला.

तर या जंगलात खापरू नावाचा कासव होता. तो पळत नसे. मधोमध उभा राही आणि येईल तो चेंडू परतवी. समोरचा वैतागून चूक करी. असा एकेकाला वैताग आणत खापरू अंतिम सामन्यात पोचला. 'कासवगती' हा शब्द ऐकून त्याच्या सात पिढ्यांचे कान किटले होते. एकदा चषक घरात आला की हा डाग धुतला जाईल, असं त्याला मनापासून वाटे. त्या चषकासाठी तो जीव टाकत होता.

त्याचे प्रशिक्षक बगळेसर. सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांनी खेळाचा शब्द काढला नाही. दिवसभर पडायचं कसं, तेवढंच समजावलं.

खापरू भीत भीत म्हणाला, "सर, आम्ही उलटे पडलो की आमचे आम्ही सरळ होत नाही."

बगळेसरांनी डोळे मिटले. "पुढचं पुढं बघू. आधी पडायला शीक."

बायको ढालूबाईनं मात्र बजावलं होतं, जिंका नाहीतर हरा, सामना संपला की नीट चालत घरी या.

समोर होते उधळराव काळवीट. सकाळभर ते उधळले, दुपारी त्यांना फेस आला आणि शेवटचा चेंडू त्यांनी जाळीत मारला. खापरू जिंकला. तो क्षणभर तसाच उभा राहिला. फार बरं वाटत होतं त्याला.

प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. कोल्हा म्हणाला, माज बघा. बगळेसर पंखानं खुणा करू लागले. खापरूनं रॅकेट भिरकावली आणि तो उलटला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. खापरू पाय झाडू लागला, तर लोक म्हणाले, बिचाऱ्याला आनंद आवरेना. तो ओरडला, मला सरळ करा. समालोचक पोपटानं सांगितलं की विजेता स्वर्गवासी वडिलांना हाक मारतो आहे. हे ऐकून हत्तीण हुंदके देऊन रडली.

आता पंच कोण होते? केसूवस्ताद अस्वल. उभी हयात कुस्तीची पंचगिरी केलेले. दुपारच्या उन्हात त्यांचा डोळा लागला होता, तो या टाळ्यांनी उघडला. बघतात तर एकजण पायांवर उभा, दुसऱ्याची पाठ मातीला. वस्तादांच्या पोथीत ज्याला अस्मान दिसलं, तो हरला. त्यांनी उधळरावांचा हात धरून वर केला.

उधळराव चकित झाले. पण हातात आलेला चषक कोण नाकारतो? तेही लगेच पाठीवर पडले, रडले, उठले आणि अंग झटकून चषकासह घरी गेले. प्रेक्षकांना तर दोनदा रडायला मिळालं. तक्रार कोण करणार?

सगळे पांगल्यावर ढालूबाई आली. तिनं डोक्यानं ढोसून ढोसून नवऱ्याला सरळ केलं.

"मी जिंकलो होतो गं," खापरू म्हणाला.

"मग पडलात कशाला?"

"जिंकलो म्हणून."

ढालूबाई घराकडे चालू लागली. खापरूनं मान आत ओढून घेतली.

तात्पर्य : ज्याला पडून उठता येतं, त्यानंच जिंकावं. बाकीच्यांनी मुकाट्यानं हरावं; हरणाऱ्याला निदान उभं राहू देतात.