सोनकांबळे साहेबांची स्कूटर

उभ्या आयुष्यात मी एकच गाडी दुरुस्त केली, आणि तेवढा मूर्खपणा मला जन्मभर पुरला.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्यांवरचा नवा रंग वाळला न वाळला, तोच पावसानं दडी मारली. आमच्या गल्लीत बहुतेक सगळे बदलीवर आलेले. घरात प्यायला पाणी नाही, पण आता आपण जिल्ह्याच्या गावचे, म्हणून रुबाब केवढा! मी कंधारकडची, नवी नवरी, आणि मॅट्रिक पास. म्हणजे रुबाबात सगळ्यात पुढे मीच.

समोरच्या खोलीत सोनकांबळे साहेब राहायचे. कलेक्टर कचेरीत कारकून. बायको-मुलं मुदखेडला. खोलीत बुद्धाची एक तसबीर, एक खाट, आणि दारात ती राखाडी स्कूटर.

ही स्कूटर सकाळी कधीच सुरू व्हायची नाही. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर यायचे, बाह्या दुमडायचे आणि किक मारायचे. मग गाडी एका अंगाला अशी कलती करायचे, की वाटावं लेकराला दूध पाजून राहिलेत. तरी ती ढिम्म. मग प्लग काढायचा, रुमालानं पुसायचा, फुंकायचा, नाकाला लावायचा. कोणी म्हणालं, साहेब, विकून टाका हे खटारं, तर ते शांतपणे म्हणायचे, "घाई नको. ती विचार करून राहिली."

तोवर गल्ली जमायची. जो तो डॉक्टर. कोणी म्हणे कार्बोरेटरमध्ये कचरा, कोणी म्हणे तेल जास्त झालं. आमचे हे गाडीतलं काडीचं कळत नसताना कानामागे हात धरून इंजिन ऐकायचे. देशमुख मास्तर नळाला पाणी येत नाही म्हणून सरकारला शिव्या देत यायचे आणि त्याच तिरमिरीत धोतर खोचून धक्का मारायला लागायचे. साहेब सीटवर, मागे चार-पाच जण, धुरळा, हसणं, एकमेकांना टोमणे. गल्लीच्या टोकाला पिंपळापाशी गाडी फटफट करायची. साहेब वळून यायचे आणि म्हणायचे, "चला, चहा ठेवतो." रोज बोलवायचे. आणि रोज सगळ्यांचा चहा आत्ताच झालेला असायचा. आमच्या घरचाही.

टँकर यायचा तेव्हा सगळ्यांच्या घागरी एका रांगेत लागायच्या. साहेबांची घागर मात्र रांग संपल्यावर, वीतभर अंतर सोडून. तशी ठेवा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ येऊ नये एवढे आम्ही सगळे सुशिक्षित होतो.

तर माझा पराक्रम ऐका. माझ्या माहेरी विहिरीवर तेलाचं इंजिन होतं. ते चालू झालं नाही की वडील आधी तेलाची चावी उघडी आहे का बघायचे. हे एवढंच माझं शिक्षण. एका सकाळी सगळे प्लगवर वाद घालत होते, तेव्हा मी पदर खोचून पुढे झाले, सीटखाली हात घातला आणि पेट्रोलचा कॉक फिरवला. साहेब म्हणाले, "वहिनी, राहू द्या." मी कशाची राहते! म्हटलं, मारा आता किक.

त्यांनी मारली. दुसऱ्याच किकला गाडी सुरू.

मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, की कॉक बंद होता, आणि हे साहेब रात्री बंद करतात ते सकाळी उघडायचं विसरतात. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. देशमुख मास्तर म्हणाले, एवढे दिवस आम्हाला बैल केलं की हो! हसता हसता त्यांचा चेहरा जरा वाकडा झाला. साहेबही हसले. मग गेले निघून.

त्या दिवशी मी घरात कलेक्टरीण असल्यासारखी वावरले.

दुसऱ्या दिवसापासून स्कूटर लगेच सुरू व्हायला लागली. साहेब यायचे, किक मारायचे, जायचे. मास्तर आपल्या ओट्यावर, आमचे हे आपल्या पेपरात. गल्लीत माणसं होती, पण साहेबांच्या दारात कोणी नव्हतं. "ती विचार करून राहिली" हे वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही. मला वाटलं, माणूस अपमानानं रुसला.

माझ्या डोक्यात मात्र एक किडा वळवळत होता. पिंपळापर्यंत धक्का मारला की गाडी आपोआप कशी सुरू व्हायची? कॉक बंद, तर पेट्रोल कुठून यायचं? वाटेत सीटखाली हात घालून कोण उघडत होतं?

एका सकाळी ते गाडी पुसत होते, तेव्हा मी गेले. त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले; ते आत या म्हणाले तरी गेले नाही, हेही सांगून टाकते. सरळ विचारलं, की साहेब, तुम्ही कॉक मुद्दाम बंद ठेवत होतात का, आणि कशासाठी?

त्यांनी फडकं झटकलं, घडी करून सीटखाली ठेवलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

म्हणाले, "वहिनी, धक्का मारताना देशमुख मास्तरांचा एक हात गाडीवर असायचा अन् एक माझ्या पाठीवर. बाकी दिवसभर ह्या गल्लीत मला कोणाचा हात लागत न्हाई. आता गाडी लई चांगली चालून राहिली. पेट्रोल पण वाचून राहिलं."