सासरेबुवांच्या मुठीचं माप

"माणूस नुसता दारातून आत येऊ दे, त्याच्या हाताला कोणती तलवार बसेल ते मी चहा उकळायच्या आत सांगतो!" तलवारवाले प्रत्येक गिऱ्हाइकाला हे ऐकवायचे. आणि खरं सांगायचं तर त्यांचा अंदाज फारसा चुकायचाही नाही.

आजच्या काळात तलवारी कोण घेतं, असं तुम्ही म्हणाल. अहो, रांग लागते! नाटकवाल्यांना बोथट पण दिव्याखाली झळकणारी लागते. खेळाडूंना मनगट न दुखवणारी लागते. एका केकवालीला तीन मजली केक एका घावात उतरवणारी, वर साबणानं धुता येणारी हवी होती. एका मोठ्या साहेबांनी तर मुठीत पेन मावेल अशी तलवार करून घेतली आणि आता ते तिनं पाकिटं फोडतात. तलवारवाले कुणाला हसत नसत. हाताचं माप घ्यायचं, संगणकावर आराखडा काढायचा, मूठ घडवायची, मग पातं. मूठ हातात बसली की निम्मं काम झालं, असं त्यांचं ठाम मत होतं.

या विद्येला भीक न घालणारा माणूस जगात एकच होता, आणि तो नेमका त्यांच्या घरात राहत होता. सासरेबुवा! चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला, दिवाळीचे कपडे हमखास संक्रांतीला देणारा, ताडासारखा उंच, सडपातळ माणूस. मुलीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्यांनी जावयाच्या हातून कधी काही घेतलं नव्हतं. घड्याळ दिलं तर "आहे माझ्याकडे." चपला दिल्या तर "चावतात." गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन राहायला आले तेसुद्धा मुलीकडे, जावयाकडे नव्हे, आणि हा फरक सासरेबुवा आल्यागेल्याला समजावून सांगत. तलवारवाल्यांना हे फार लागायचं. बोलून दाखवत नसत, एवढंच.

अशात सासरेबुवांनी बागेतल्या ज्येष्ठांच्या वर्गात नाव घातलं. व्यायाम कसला? तर तलवारीचा! वर्गातल्या तलवारी सगळ्यांना एकाच मापाच्या, सळईसारख्या जड. रोज सकाळी सासरेबुवा खांदा चोळत परत यायचे. दोन आठवड्यांनी, रविवारी, वर्गाचं प्रात्यक्षिक होतं.

तलवारवाल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबांच्या मापाची, पिसासारखी हलकी तलवार! पण विचारलं तर "आहे वर्गात" हे उत्तर ठरलेलं. म्हणजे माप गुपचूप घ्यायला हवं. बायकोलाही सांगायचं नाही, कारण तिच्या पोटात गोष्ट तासभरही टिकत नसे.

दुपारी सासरेबुवा पलंगावर घोरत होते. तलवारवाले फीत घेऊन, श्वास रोखून, खांद्यापासून मनगटापर्यंत आले आणि डोळे न उघडता सासरेबुवा म्हणाले, "फीत सैल धरलीत. अर्धा इंच फरक पडेल."

"माशी बसली होती, बाबा!"

"माशी मारायला फीत?"

तलवारवाले मागच्या पावली पळाले. पण हार मानणाऱ्यांतले ते नव्हते. दाराशी एक काठी उभी असायची. डॉक्टरांनी उंची बघून कापून दिलेली. रोज संध्याकाळी सासरेबुवा ती हातात धरून फाटकापाशी उभे असलेले त्यांनी स्वतः पाहिले होते. काठीच्या उंचीवरून हाताची लांबी कळते, आणि मुठीवर मऊ रबराची पट्टी गुंडाळली की बोटांचे ठसे आपोआप उमटतात! त्यांनी पट्टी गुंडाळली, दोन दिवसांनी काढली. चार बोटं, एक अंगठा, कसे स्वच्छ ठसे! बोटं जरा नाजूक वाटली. "कलाकाराचा हात," असं म्हणून तलवारवाले कामाला लागले.

शुक्रवारी तलवार तयार झाली. पॉलिशवाल्याचा फोन आला तेव्हा तलवारवाले जिन्यात उभे होते.

"हो हो, लांब आहे, पण वजनाला काही नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "मागच्या खोलीत ठेवून टाका. वर कापड घाला. घरात कुणाला पत्ता लागू देऊ नका. रविवारी मी बाहेर काढतो."

जिन्याच्या वरच्या पायरीवर सासरेबुवा उभे होते. लांब आणि वजनाला काही नसलेले!

दहा मिनिटांत त्यांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतलं आणि शिवणयंत्र दाराला लावलं. तलवारवाल्यांची बायको खालच्या कारखान्यात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांतून ठिणग्या उडत होत्या.

"तुम्ही बाबांना मागच्या खोलीत टाकणार? त्या भंगारात?"

"मी? कुणी सांगितलं?"

"झोपेत त्यांचं माप घेतलंत की नाही? पलंग बसतो का ते बघायला?"

"घेतलं... म्हणजे घ्यायला गेलो होतो, पण..."

"आणि वर कापड? अहो, माणूस आहे तो, जुना सोफा आहे का?"

तलवारवाल्यांनी कपाळावर हात मारला. आता रविवारपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. ते पॉलिशवाल्याकडे धावले आणि लांबलचक पेटी काखेत मारून वर आले.

"बाबा, दार उघडा! तुमच्यासाठी काहीतरी आणलंय!"

"आहे माझ्याकडे!" आतून आवाज आला.

"काय आणलंय ते तरी बघा!"

"मी इथून हलणार नाही. ही खिडकी माझी आहे, इथे उजेड येतो!"

शेवटी सासूबाई आल्या. ठेंगण्याठुसक्या, फार न बोलणाऱ्या. "अहो, मला सुई हवीय," एवढंच म्हणाल्या, आणि शिवणयंत्र मुकाट्यानं बाजूला सरकलं.

तलवारवाल्यांनी पेटी उघडली. निळसर झाक असलेलं बोथट पातं, काळ्या दोऱ्याची घट्ट विणलेली मूठ. सासरेबुवा बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी जावयाचं काम कधी जवळून पाहिलं नव्हतं. त्यांनी दोऱ्याच्या विणीवरून नख फिरवलं, टाका तपासावा तसं. "हात साफ आहे," ते पुटपुटले. तलवारवाल्यांनी पेटी आणखी पुढे सरकवली.

मग सासरेबुवांनी मूठ धरली. म्हणजे धरायला गेले. तीन बोटं आत गेली, करंगळी बाहेर लटकत राहिली आणि अंगठ्याला जागाच सापडेना. पातं तर त्यांच्या हातात पट्टीएवढं दिसत होतं.

"हे कुणाचं माप?" सासरेबुवांनी विचारलं.

"तुमचंच, बाबा! तुमच्या काठीवरून घेतलं."

"माझ्या काठीवरून?" सासरेबुवा ताठ झाले. "माझी काठी? मी काय म्हातारा झालोय? काठी हिची आहे! ही संध्याकाळी चपला घालते, तोवर मी धरून उभा असतो!"

 दारातून येणाऱ्या माणसाचा हात ओळखणाऱ्या कारागिराला घरातली काठी कुणाची हे ठाऊक नव्हतं! बायकोनं हसू दाबायला पदर तोंडाशी धरला. तलवारवाल्यांना वाटलं, आता आपणच मागच्या खोलीत जावं आणि वर कापड घ्यावं.

सासूबाईंनी तलवार उचलली. मूठ त्यांच्या हातात अशी बसली की जणू जन्मापासून तिथेच होती. त्यांनी सहज मनगट फिरवलं, पातं सुईं करून गेलं आणि सासरेबुवा शिवणयंत्रामागे सरकले.

"जावईबापू, छान आहे हो! मी पण येते उद्यापासून वर्गाला."

सासरेबुवांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अकरा वर्षं ज्याच्या हातून काही घेतलं नाही, त्यानं शेवटी काहीतरी अस्सल आणलं आणि ते बायकोच्या हातात गेलं! ते बराच वेळ त्या विणीकडे बघत उभे राहिले.

"कागद आण," ते एकदम म्हणाले. "लिहून घे. मूठ साडेचार इंच. मनगट सात. हात, खांद्यापासून, सव्वासव्वीस. आणि दोरा हाच हवा."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते. तलवारवाल्यांनी प्रत्येक आकडा दोनदा गिरवला.

"कधी देशील?"

"रविवारी सकाळी, बाबा! अगदी नक्की!"

रविवारी सकाळी बागेत खुर्च्या मांडलेल्या होत्या. सासूबाईंनी एकाच दिवसाच्या तयारीवर असे काही हात फिरवले की टाळ्या थांबेनात. सासरेबुवा वर्गाचीच जड तलवार घेऊन उभे होते, कारण पॉलिशचं काम राहिलं होतं. तलवारवाले मान खाली घालून मागच्या रांगेत बसले होते. गेलं सगळं, त्यांना वाटत होतं. आता पुढची अकरा वर्षं "आहे माझ्याकडे" ऐकायचं!

कार्यक्रम संपला तसे सासरेबुवा वर्गातल्या आठ-दहा म्हाताऱ्यांना घेऊन थेट त्यांच्याकडेच आले. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"हा आमचा जावई! सांगितलेल्या दिवशी माल देत नाही! एकदम अस्सल कारागीर आहे!"