सावलीची रांग

"अहो, एवढं लांबरुंद मैदान, आणि एक झाड म्हणून नाही!" डोक्यावर ओला रुमाल ठेवत काकू म्हणाल्या.

"झाड असतं तर त्याच्याखाली आधीच दुसरं कुणीतरी बसलेलं असतं," काका म्हणाले. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या माणसाचं जगाविषयीचं मत असंच असतं.

उघड्या मैदानावरचा संगीत महोत्सव सकाळीच सुरू झाला होता. देवाने ऊन सगळ्यांना सढळ हाताने वाटलं होतं, सावली मात्र हातचं राखून. व्यासपीठावर चार पोरं गिटारी घेऊन घाम गाळत होती. समोरचं गवत तव्यासारखं तापलेलं. श्रोते कडेच्या कुंपणाला पालीसारखे चिकटले होते. एकाने घडीची खुर्ची डोक्यावर उलटी धरली होती, तर एकजण आपल्याच सायकलच्या सावलीत डोकं तेवढं घालून आडवा झाला होता.

काका-काकूंना घरी पळायची सोय नव्हती. दुपारी उशिरा त्यांची लेक गाणार होती. लेक शाळेच्या कचेरीत कारकून. गळा मधाचा, पण धीर चिमणीएवढा. लहानपणी शाळेत ती गात असताना बाबा पाणी प्यायला उठले, आणि पोरीचा आवाज जो बसला तो घरी आल्यावरच उठला. त्यानंतर चार लोकांत ती गायलीच नव्हती. आज सकाळी बाबांचा हात धरून म्हणाली होती, "बाबा, अगदी समोर बसा हं. तुम्ही दिसला नाहीत तर मी तोंडच उघडणार नाही."

"समोर बसायचं खरं, पण तोवर जिवंत राहायला हवं ना," म्हणत काकांनी नजर फिरवली. मैदानाच्या मधोमध दिव्यांचा एक उंच खांब होता. त्याची सावली पट्टीसारखी, नेमकी व्यासपीठाच्या दिशेने पडली होती. काका सावलीच्या टोकाशी बसले, त्यांच्या पाठीमागे काकू.

"काका, मी बसू का मागे?" एका दाढीवाल्याने विचारलं.

"बसा की. पण कोपर आत घ्या. बाहेर राहिलेल्या अवयवाची जबाबदारी आमच्यावर नाही."

दाढीवाल्यामागे त्याची बायको, तिच्यामागे तिची आत्या, आणि बघता बघता सावली भरली. ऊन कललं तशी सावली लांबायला लागली, आणि काकांच्या तोंडून जन्माची सवय बाहेर पडली, "चला, पुढे सरका! पुढे रिकामं आहे! नवीन मंडळींनी मागून, खांबाकडून चढायचं!"

आणि माणसं खरोखरच खांबाकडून चढू लागली.

सावली लांबते तशी फिरतेही. मग काका बोटातली अंगठी स्टीलच्या बाटलीवर वाजवू लागले. टण टण म्हणजे सरका, नुसतं टण म्हणजे थांबा. टण टण झालं की सगळी रांग बसल्या बसल्या उजवीकडे घसरायची. एक गलेलठ्ठ गृहस्थ मधेच शिरायला लागले तेव्हा मोठाच गिल्ला झाला.

"ओ, आम्ही काय वेडे म्हणून मागून आलो?"

"अहो, मी बसत नाही, नुसता उभा राहतो!"

"उभ्याने प्रवास बंद आहे," काकांनी ठणकावलं.

रांग मोडायला बिल्लेवाला स्वयंसेवक आला. त्याने पाय टेकवून पाहिला, सावली गार लागली, आणि बिल्ला खिशात घालून तोही मुकाट मागे जाऊन बसला.

"कशाची रांग आहे हो?" शेपटाकडे कुणीतरी विचारत होतं.

"ठाऊक नाही. पण एवढी माणसं उगाच बसतील का?"

"तेही खरंच," म्हणून तोही बसला.

काका इतके रंगात आले होते, की काकूंनी पाठीत कोपर मारलं तेव्हा कुठे भानावर आले.

"अहो, स्टेज कुठंय?"

काकांनी मान वर केली. समोर तात्पुरत्या शौचालयांचे दरवाजे ओळीने उभे होते! टण टण करता करता रांगेने तोंडच फिरवलं होतं, आणि व्यासपीठ पार डावीकडे राहिलं होतं. तेवढ्यात ध्वनिक्षेपक गरजला. पुढची गायिका म्हणजे त्यांचीच लेक!

"उठा आधी!"

"अगं, पण जागा सोडली की गेली, हा नियम मीच केलाय. आणि ही सगळी माणसं माझ्या भरवशावर..."

"पोरगी कुणाच्या भरवशावर आहे?"

काका ताडकन उठले. उठताना बाटली कमरेच्या किल्ल्यांवर आपटली. टण टण!

आज्ञा ती आज्ञा. अख्खी रांग उठली. काका व्यासपीठाकडे धावत सुटले, मागून काकू, काकूंमागे दाढीवाला, आणि त्यामागे एकेकाच्या पिशवीला धरून सारं मैदान.

"अहो, कुठं येताय? सावली तिकडे राहिली!" काका ओरडले. पण ध्वनिक्षेपकापुढे त्यांचा आवाज कुणापर्यंत पोहोचणार! काका व्यासपीठासमोर रणरणत्या उन्हात बसले. त्यांच्यामागे सगळेजण शिस्तीत बसले. एकामागे एक, कोपरं आत घेऊन.

लेक फाशीला चालल्यासारखी आली. डोळे घट्ट मिटलेले. मग धीर करून एक डोळा उघडला. समोर बाबा होते, टोमॅटोसारखे लाल. आणि बाबांच्या पाठीमागे, एवढं मैदान मोकळं असताना, एकाच ओळीत शेकडो माणसं! तिला हसू फुटलं, हसण्यासरशी गळा मोकळा झाला आणि सूर लागला. असा लागला, की हे ऊन आहे की चांदणं, तेच काकांना कळेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

इकडे शेपटाकडून कुजबुज निघाली होती. "इथं जरा ऊन लागतंय हो. पुढे विचारा, सावली आहे ना?" तोंडातोंडी प्रश्न दाढीवाल्यापर्यंत आला, तिथून काकूंपर्यंत.

"अहो, मागची मंडळी विचारतायत, सावली आहे ना?"

काकांनी लेकीवरची नजर काढली नाही. "आहे म्हणावं," ते गहिवरून म्हणाले. "भरपूर आहे."

उत्तर तोंडातोंडी मागे गेलं. शेवटच्या गृहस्थांच्या नाकावरून घामाची धार लागली होती. त्यांनी समाधानाने पाय पसरले.

"तरीच म्हटलं," ते पुढच्याला म्हणाले, "मघापासून कसं गार गार वाटतंय!"